बॉयलर पेटतो आणि विझतो: यंत्र उघडण्याआधी खोली तपासा

"बोर्ड बदलला, सेन्सर बदलला, बर्नर साफ केला. आठवडाभर चालला आणि परत पहिले पाढे पंचावन्न." असा फोन आला की मी लगेच हत्यारांची पिशवी उचलत नाही. आधी विचारतो, कधी बंद पडतो? सकाळी की संध्याकाळी, वारा सुटल्यावर की शांत हवेत, आणि त्या वेळी घरात आणखी काय काय चालू असतं? समोरच्याला वाटतं, हा माणूस टाळाटाळ करतोय. पण घरगुती गॅस बॉयलरची जी तक्रार दुरुस्तीनंतरही परत येते, तिचं मूळ बऱ्याचदा त्या पत्र्याच्या डब्याबाहेर असतं. ज्या खोलीत तो टांगलाय, त्या खोलीत. मोठ्या गॅस गिझरलाही हे सगळं जसंच्या तसं लागू आहे.

पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट. बॉयलर चालू असताना घरात कोणाचं डोकं दुखत असेल, गरगरत असेल, मळमळत असेल आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल, तर वाचत बसू नका. बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, सगळे बाहेर या आणि डॉक्टरांना कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे असं स्पष्ट सांगा. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी त्याला घट्ट धरतं, म्हणून थोड्या प्रमाणातही तो घात करतो. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी "थंडी-ताप आल्यासारखं" वाटतंय पण अंगात ताप नाही, ही खूण लक्षात ठेवा.

आता मूळ प्रकरण. एका घरी बॉयलर फक्त संध्याकाळी बंद पडायचा. सकाळी अंघोळीच्या गर्दीत तासभर अखंड चालायचा, दुपारीही ठीक. संध्याकाळी सातच्या सुमारास बर्नर पेटायचा, पाच-सात मिनिटं चालायचा, आणि लाल दिवा. रीसेट केलं की पुन्हा पाच-सात मिनिटं. आधी दोन जण येऊन गेले होते. दोघंही दुपारी आले, त्यामुळे दोघांनाही काही सापडलं नाही. दुसऱ्याने सुचवलं होतं की धूर उलटा आला की बॉयलर बंद करणारा सेन्सर "फार नाजूक" आहे, त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकू, कटकट मिटेल. घरच्यांनी नको म्हटलं. त्यांचं नशीब म्हणा किंवा शहाणपण म्हणा, पण त्या घरातला तो एकच भाग आपलं काम चोख करत होता.

मी मुद्दाम सातला गेलो. स्वयंपाक चालू होता, शेगडीवरची चिमणी पूर्ण वेगात होती. (फोनवर नेहमी घोळ होतो म्हणून सांगतो: मी चिमणी म्हणतो ते शेगडीवरचं धूर ओढणारं यंत्र, आणि धुराडं म्हणतो तो बॉयलरचा धूर बाहेर नेणारा पाइप.) बॉयलर पलीकडच्या छोट्या खोलीत, मधलं दार उघडं. विचारलं, ही तक्रार कधीपासून? उत्तर आलं, "दोनेक महिने झाले असतील. खिडक्या नव्या केल्या ना, त्याच्या आसपास." जुन्या लाकडी खिडक्या वाऱ्यात खडखडायच्या म्हणून काढल्या होत्या. जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा आल्या, कडेने रबराची पट्टी, एक फट नाही. मला तिथेच निम्मं उत्तर मिळालं.

उदबत्तीची परीक्षा

धुराड्याच्या साध्या बॉयलरला डोक्याशी, धुराडं सुरू होतं तिथे, एक उघडं तोंड असतं. त्याला ड्राफ्ट हूड म्हणतात. बर्नरचा गरम धूर वर जातो आणि या तोंडातून खोलीतली थोडी हवाही सोबत ओढली जाते. म्हणजे इथे हवेचा प्रवाह नेहमी आत, धुराड्याच्या दिशेने असायला हवा.

बॉयलर पूर्ण ज्योतीवर दहा मिनिटं चालू दिला. घराची सगळी दारं-खिडक्या बंद, चिमणी आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट फॅन पूर्ण वेगात, खोल्यांमधली आतली दारं उघडी. मग उदबत्ती पेटवून ड्राफ्ट हूडच्या कडेपासून दोन बोटं अंतरावर धरली. धुराची रेघ सरळ वर चढली, क्षणभर थबकली आणि माझ्या तोंडाकडे वळली. हात हूडजवळ नेला तर गरम, दमट झोत लागला. वॉश बेसिनवरचा छोटा आरसा आणून धरला, त्यावर लगेच वाफ धरली. आता फक्त चिमणी बंद केली. साधारण अर्ध्या मिनिटात उदबत्तीचा धूर हूडमध्ये असा सरळ आत जायला लागला, जणू कोणी आतून ओढतंय. चिमणी पुन्हा चालू केली, धूर पुन्हा बाहेर. घरमालकांनी स्वतः तीन वेळा बटण दाबून पाहिलं.

ही परीक्षा तुम्हीही करू शकता, पण खोलीत गॅसचा वास नाही याची खात्री करून, आणि बॉयलरचं कव्हर न उघडता. धूर बाहेर येतोय असं दिसलं की लगेच बॉयलर बंद करून खिडकी उघडायची, निरीक्षण लांबवायचं नाही. आणि ती नेहमी सगळ्यात वाईट परिस्थितीत करायची: सगळं बंद, सगळे पंखे चालू. खिडकी उघडी ठेवून केलेल्या परीक्षेत पास झालेला बॉयलर पावसाळी रात्री खिडकी लावल्यावर कसा वागेल, ते कळत नाही.

असं का होतं, तर धुराड्याची ओढ फार दुबळी असते. चार मीटर उंच सरळ धुराडं धरा, आत ८० अंश सेल्सियसचा धूर, बाहेर २० अंशांची हवा. या दोन हवांच्या वजनातल्या फरकाने जी ओढ तयार होते ती भरते जेमतेम ८ पास्कल. पाण्याच्या एका मिलिमीटर थराचा दाबसुद्धा ९.८ पास्कल असतो, म्हणजे त्याहून जास्त. धुराडं आखूड असेल, आडवं जास्त फिरवलं असेल, तर ही ओढ आणखी घटते. दुसरीकडे शेगडीवरची मोठी चिमणी तासाला ५००-६०० घनमीटर हवा घराबाहेर फेकते. ती हवा कुठून तरी आत यायलाच हवी. जुन्या खिडक्यांच्या फटींतून ती येत होती. फटी बुजल्या, तेव्हा घरात बाहेर उघडणारं एकच तोंड उरलं: बॉयलरचं धुराडं. चिमणीने तिथून हवा ओढायला सुरुवात केली, धूर उलटा फिरला, सेन्सर तापला आणि बॉयलर बंद झाला.

इथे बॉयलरमध्ये बिघाड काहीच नव्हता. सेन्सर बायपास केला असता तर मात्र बॉयलर मजेत चालला असता आणि धूर खोलीत साठत गेला असता. तोच धूर बर्नरच्या हवेत परत मिसळला की ज्वलन अर्धवट होतं, आणि कार्बन मोनॉक्साइड तिथून तयार होतो. म्हणून कोणी सेन्सरच्या तारा जोडायची भाषा केली, तर त्याला चहा द्या आणि निरोप द्या.

ज्या चिमण्या हवा बाहेर न टाकता जाळीतून गाळून परत खोलीत सोडतात, त्यांनी हा त्रास होत नाही. बाहेर हवा फेकणारे कपडे वाळवायचे यंत्र, वरच्या मजल्यावरचा एक्झॉस्ट फॅन, मधल्या जिन्यातून हवा खेचणारं उंच घर, हे मात्र सगळे संशयित आहेत.

हवेचा हिशेब

लोक विचारतात, खोली केवढी हवी? एक सोपा आडाखा सांगतो. नैसर्गिक गॅस असो की एलपीजी, जाळायला दर किलोवॅटला तासाभरात साधारण एक घनमीटर हवा लागते. २४ किलोवॅटचा बॉयलर पूर्ण ज्योतीवर तासाला २४ घनमीटर हवा खातो, आणि तीही अगदी काटेकोर मापाने. प्रत्यक्षात थोडी जादा हवा द्यावीच लागते, शिवाय ड्राफ्ट हूड आणखी बरीच ओढतो. आता दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, २.७ मीटर उंच अशी खोली घ्या. तिच्यात मावतात ८ घनमीटर. म्हणजे खोली पूर्ण बंद असेल तर वीस मिनिटांत तेवढी सगळी हवा ज्योतीतून जाऊन आलेली असेल. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो १८ टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत थांबायचं नसतं, काही गॅस हीटरांतली सुरक्षा यंत्रणा त्याच सुमाराला गॅस तोडते.

नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि तुमच्या इथले काय आहेत ते परवानाधारक माणसाकडून कळून घ्यायला हवंच. पण अंदाज यावा म्हणून दोन आकडे. अमेरिकेच्या गॅस संहितेत बाहेरून हवा न घेता घरातल्याच हवेवर यंत्र चालवायचं तर दर किलोवॅटला ४.८ घनमीटर जागा मागतात. २४ किलोवॅटला ११५ घनमीटर. २.७ मीटर उंचीच्या छताखाली हे ४२-४३ चौरस मीटर भरतं, म्हणजे खोली नव्हे, दिवाणखाना आणि वर काही. ब्रिटनमधली पद्धत वेगळी: धुराड्याच्या बॉयलरला ७ किलोवॅटच्या पुढच्या प्रत्येक किलोवॅटमागे ५ चौरस सेंटीमीटरचं, थेट बाहेर उघडणारं, बंद न करता येणारं छिद्र. २४ किलोवॅटला ८५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे सव्वानऊ सेंटीमीटर बाजूचा चौकोन. तळहाताएवढं भोक, पण ते हवंच.

भोक पाडलं तरी त्यावर काय लावता यावर निम्मा खेळ आहे. लाकडी पट्ट्यांची जाळी लावली तर मोकळी जागा धरायची फक्त एक चतुर्थांश, धातूच्या पट्ट्यांची असेल तर तीन चतुर्थांश. जाळीच्या पाकिटावर मोकळं क्षेत्रफळ छापलेलं असेल तर तो आकडा घ्या, बाहेरची लांबी-रुंदी घेऊ नका. डासांची बारीक जाळी इथे चालत नाही. धूळ, कपड्यांचे तंतू आणि कोळिष्टकं मिळून ती वर्षभरात लिंपल्यासारखी होते. ५ मिलिमीटरपेक्षा लहान छिद्रं नकोत.

आणि हो, चिमणीवाल्या घरात एवढंही पुरेल असं गृहीत धरू नका. भोक पाडून झालं की उदबत्तीची परीक्षा पुन्हा. आकड्यापेक्षा मी त्या धुराच्या रेघेवर जास्त विश्वास ठेवतो. नाहीच जमलं तर एकतर चिमणी चालू असताना बॉयलर चालणार नाही अशी विजेची जोडणी करून घ्यायची, किंवा सरळ बंद-कक्षाचा बॉयलर घ्यायचा. त्यात पाइपात पाइप असतो, बाहेरच्या पाइपातून हवा आत येते, आतल्यातून धूर बाहेर जातो, खोलीच्या हवेशी बर्नरचा संबंध नाही. नवीन घेणाऱ्याला मी दुसरं काही सुचवतच नाही. न्हाणीघरात आणि झोपायच्या खोलीत तर धुराड्याचा उघडा बॉयलर कधीच नाही, जाळी कितीही मोठी असली तरी.

किती वेळाने विझतो, ते मोजा

मोबाइलवर वेळ लावा. पेटल्यापासून विझेपर्यंतचा अवधी बरंच काही सांगून जातो.

पाच-दहा सेकंदांत विझत असेल, तर हवेचा प्रश्न असण्याची शक्यता कमी. ज्योत आहे की नाही हे बॉयलर एका धातूच्या काडीवरून ओळखतो. ज्योतीतून अगदी क्षीण प्रवाह वाहतो, काही मायक्रोॲम्पिअर, म्हणजे ॲम्पिअरचा दहालाखावा हिस्सा मोजायचा. तो वाहून जायला अर्थिंग लागतं. अर्थिंग नसेल, किंवा सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे असतील, तर डोळ्यांसमोर सुरेख निळी ज्योत जळत असताना बोर्ड म्हणतो, ज्योत नाही, आणि गॅस तोडतो. अशा ठिकाणी मी बोर्ड बदललेले पाहिले आहेत, एकदा नाही, अनेकदा. वायरमनने पाच मिनिटं सॉकेट तपासलं असतं तर पुरे होतं. इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर घर गेलं की बॉयलर रुसतो, ही तक्रारही बहुतेक याच घराण्यातली.

शेगडी पेटवली की विझतो, पण चिमणी बंद असतानाही? मग गॅसचा पाइप बघा. गॅस बंद असताना दाब बरोबर दिसतो, सगळे बर्नर एकदम पेटले की बारीक पाइपात तो कोसळतो. दाब मोजायचा तो सगळं चालू असताना, बॉयलरच्या तोंडाशी. घरात आधी फक्त शेगडी होती आणि तिच्याच पाइपाला फाटा काढून बॉयलर जोडला, असं असेल तर शंभरात नव्वद वेळा हेच. (शंभरात नव्वद हा माझा अंदाज, मोजदाद नाही.)

फक्त वाऱ्याच्या दिवशी विझतो, तर बाहेर जाऊन पाइपाचं तोंड बघा. ते कोपऱ्यात, छज्जाच्या लगेच खाली किंवा दोन भिंतींच्या चिंचोळ्या बोळात असेल, तर वारा धूर परत आत ढकलतो. बंद-कक्षाच्या बॉयलरमध्ये तोच धूर हवेच्या पाइपातून पुन्हा आत शिरतो आणि ज्योत गुदमरते.

आतून गुडगुड आवाज येतो आणि मग बंद पडतो, हे कंडेन्सिंग बॉयलरचं खास दुखणं. एक घनमीटर नैसर्गिक गॅस जाळला की दीड लिटरहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. धूर साधारण ५५ अंशांच्या खाली आला की ते पाणी ठिबकायला लागतं. कंडेन्सिंग बॉयलर हे मुद्दाम घडवून आणतो, कारण त्यातली उष्णता त्याला हवी असते. पण मग ते पाणी निचरायला वाट लागते: आडव्या पाइपाला बॉयलरच्या दिशेने उतार, मीटरमागे सुमारे ५ सेंटीमीटर. उतार उलटा असला, किंवा मध्ये झोळ पडला, तर तिथे डबकं साचतं. हे पाणी आम्लधर्मी असतं, त्यामुळे निचऱ्याची नळी प्लॅस्टिकची, तांब्या-लोखंडाची नाही.

मिनिटांनी, आणि घर बंद असताना विझत असेल, तर वर सांगितलेलं प्रकरण.

ज्योतीचा रंगही बघा. नैसर्गिक गॅसची ज्योत निळी आणि ताठ हवी. पिवळी, आळसावलेली, लवलवणारी ज्योत, पत्र्यावर काजळी किंवा तपकिरी डाग, बॉयलरच्या खोलीत काचेवर सारखं धरणारं पाणी, यातलं एक जरी दिसलं तरी वापर थांबवा. पाण्याचं कारण वरच आलं: २४ किलोवॅटचा बॉयलर पूर्ण ज्योतीवर तासाला पावणेचार लिटर पाणी हवेत सोडतो. ते धुराड्यातून बाहेर न जाता खिडकीच्या काचेवर दिसत असेल, तर त्याच्यासोबत बाकीचंही खोलीतच आहे.

नवीन बसवताय तर खोली आधी

गवंडी, वायरमन, प्लंबर आणि गॅसवाला, हे चौघं एकमेकांना न भेटता येऊन जातात आणि शेवटी बॉयलर बसवणारा जे मिळेल त्यात भागवतो. निम्म्या तक्रारी इथे जन्मतात. माझा हट्ट असतो की बॉयलरचं पुस्तक आधी घरात यावं, बॉयलर नंतर आला तरी चालेल. त्यातलं मापांचं पान फाडून (झेरॉक्स काढून म्हणा) भिंतीवर चिकटवा आणि चौघांनाही तेच दाखवा.

भिंत. भिंतीवरचा बॉयलर रिकामा ३०-४० किलोचा असतो, वर पाणी आणि पाइप. पक्क्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये साधे बोल्ट पुरतात. हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत त्या ठोकळ्यांसाठीचे अँकर किंवा आरपार बोल्ट. जिप्समच्या पार्टिशनवर टांगायचा विचारही नको, आत लोखंडी चौकट असेल तरच. भोक पाडताना ड्रिलमधून पडणारा भुगा बघा, लाल वीट आहे, राखाडी काँक्रीट आहे की पांढरं पीठ, तो खरं सांगतो. लाकडी आच्छादन किंवा वॉलपेपर त्या जागेपुरतं काढून टाका.

समोर माणूस उभा राहून काम करू शकेल एवढी जागा, साधारण ६० सेंटीमीटर. बाजूंची आणि वरची अंतरं पुस्तकात दिलेली असतात, ती पाळा. कपाटात दडवण्याची हौस सगळ्यांनाच असते. बंद-कक्षाचा बॉयलर काही मॉडेलांत कपाटात चालतो, तेही पुस्तकात तसं म्हटलं असेल तर. उघड्या धुराड्याचा असेल तर कपाट म्हणजे वर मांडलेला हवेचा हिशेब आणखी बिघडवणं.

फॉल्स सीलिंगमधून धुराडं न्यायचं असेल तर जोडापाशी उघडता येणारी झडप ठेवा, किमान ३० बाय ३० सेंटीमीटर. जोड सुटलेला दिसायला हवा. पांढऱ्याशुभ्र सीलिंगच्या मागे जोड निसटला आणि कोणालाच कळलं नाही, यासारखी वाईट जागा दुसरी नाही.

वीज: स्वतंत्र थ्री-पिन पॉइंट, तपासलेलं अर्थिंग, बॉयलरपुरता वेगळा स्विच. पाण्याच्या पाइपांच्या खाली बोर्ड नको. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच.

पाणी: सुरक्षा व्हॉल्व्ह बहुतेक बॉयलरमध्ये पाण्याचा दाब ३ बार झाला की उघडतो आणि तेव्हा त्यातून उकळतं पाणी येऊ शकतं. त्याची धातूची नळी खाली, कोणाच्या अंगावर येणार नाही पण ठिबकली तर दिसेल, अशा ठिकाणी सोडा. जमिनीला निचरा असला तर उत्तम.

गॅस: एलपीजी हवेपेक्षा जड असतो, प्रोपेन दीडपट आणि ब्युटेन दुप्पट. गळला तर जमिनीलगत पसरतो आणि खळग्यात साचतो, म्हणून तळघरात एलपीजीचा बॉयलर नाही. नैसर्गिक गॅस हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, तो छताला चिकटतो. जोड तपासायचे साबणाच्या पाण्याने. काडी ओढून बघणारे अजून आहेत. वास आला तर पंख्याचं बटणसुद्धा दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. मुख्य कॉक फिरवा, खिडक्या उघडा, बाहेर येऊन फोन करा.

घराचं काम चालू असताना बॉयलर पेटवू नका. सिमेंट आणि घासलेल्या पुट्टीची धूळ बर्नरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसते आणि नव्या बॉयलरची ज्योत पहिल्याच महिन्यात पिवळी होते. तसंच बॉयलरच्या खोलीत ब्लीच, थिनर, रंगाचे डबे ठेवू नका. क्लोरीनची वाफ ज्योतीतून गेली की आम्ल होतं आणि आतला हीट एक्स्चेंजर (ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा भाग) खातं. हे कारण फार कमी जण तपासतात, कारण डबे फरशी पुसायच्या फडक्यामागे लपलेले असतात.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र सगळ्यात आधी घ्या. बॉयलरपासून आडव्या मापाने एक ते तीन मीटरवर, छताला लावला तर भिंतीपासून ३० सेंटीमीटर दूर, भिंतीला लावला तर छतापासून १५ सेंटीमीटर खाली आणि दाराच्या चौकटीपेक्षा उंच. हा वायू हवेइतक्याच वजनाचा आहे, पण गरम धुरासोबत येतो म्हणून वर लावायचा. पडद्यामागे, कपाटात, जाळीच्या तोंडाशी नको. ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाचा अलार्म दहा लाखांत ३०० भाग इतकं प्रमाण झालं तर तीन मिनिटांच्या आत वाजतो, १०० भागांना १० ते ४० मिनिटं घेतो आणि ५० भागांना तासाभरानंतर, दीड तासाच्या आत. म्हणून "वाजला नाही, म्हणजे सगळं ठीक" असं धरून उदबत्तीची परीक्षा टाळू नका. अलार्मचं आयुष्य मागच्या बाजूला छापलेलं असतं. ती तारीख उलटली की बॅटरी नवी असली तरी उपयोग नाही.

त्या संध्याकाळच्या घराचं सांगायचं राहिलं. बॉयलरच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीत दोन जाळ्या बसवल्या, एक जमिनीपासून वीतभर वर, एक छताजवळ, दोन्ही धातूच्या. स्वयंपाकघराकडच्या दाराला आपोआप मिटणारी कडी आणि खालून ब्रशची पट्टी लावली. मग सातला पुन्हा सगळे पंखे लावून उदबत्ती धरली, धूर आत गेला. वीस मिनिटं धरून बसलो, रेघ हलली नाही. मगच बॉयलर वापरायला दिला.

वर्षाने नेहमीच्या तपासणीला गेलो तर खालच्या जाळीसमोर बुटांचं कपाट सरकवलेलं. "गार वारा येतो हो तिथून," घरच्या आजी म्हणाल्या. कपाट ओढून बाजूला केलं, आजींसमोरच उदबत्ती लावून दाखवली, आणि कपाटाची हद्द म्हणून फरशीवर लाल रंगाने एक रेघ मारून आलो.